घोषणाबाईंनी गिळलेला शेवट

मत्सर करायचा तर परक्याचा करावा. सोयीचं पडतं. मनातल्या मनात चार शिव्या हासडाव्यात, आणि समोरून येताना दिसला तर रस्ता बदलावा. घरातल्याच माणसाचा मत्सर म्हणजे फार हाल. त्याला जेवायला वाढायचं, त्याच्या पोरांचे लाड करायचे आणि वर तोंडभर हसायचं. घोषणाबाईंचं नेमकं तेच झालं होतं. त्यांचा जळफळाट चालायचा तो सख्ख्या नणंदेवर, आणि नणंद अशी गुणाची की तिचा राग आला तरी आपलीच आपल्याला लाज वाटावी.

घोषणाबाई हे नाव डेपोतल्या ड्रायव्हर मंडळींनी पाडलेलं. बसस्टँडच्या मधोमध एक काळ्या काचांची खोली आहे. तिच्यात बसून बाई माइकवरून सांगायच्या, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा सुटणार, कुणाचं पोर हरवलंय आणि कुणाची छत्री सापडलीय. माइकचं बटण दाबायच्या आधी पंखा बंद करावा लागे, नाहीतर त्याची घरघर सगळ्या स्टँडभर जायची. त्यामुळे उन्हाळ्यात बाई घामाने निथळत बोलायच्या आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, एखाद्या झाडाखाली गार सावलीत बसून बोलतायत. आवाजच तसा. अख्ख्या गावाला तो पाठ, आणि चेहरा कुणालाच ठाऊक नाही. एकदा भाजीवाला म्हणाला, "ताई, तुम्हाला कुठेतरी ऐकलंय." बाई घरी येऊन नवऱ्यापुढे फणकारल्या, "ऐकलंय म्हणतो मेला! पाहिलंय नाही म्हणाला." नवरा त्याच डेपोत स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये. तो म्हणाला, "मला तर कुणी ऐकलेलंसुद्धा नाही." आणि तो शांतपणे जेवत राहिला.

जन्मभर दुसऱ्याने लिहून दिलेलं वाचायचं, म्हणून असेल, पण बाईंना स्वतःचं काहीतरी लिहायची भारी हौस. गोष्टी लिहायच्या. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, स्वयंपाक आटोपल्यावर, जमेल तेव्हा. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी लेखक मंडळात जायच्या.

हे मंडळ भरतं टायरच्या दुकानावरच्या खोलीत. खोलीत कायम रबराचा वास. अध्यक्ष एक रिटायर झालेले पोस्टमास्तर, आणि मंडळाचा कणा म्हणजे त्यांनी घालून दिलेला एक नियम: लिहिणाऱ्याने स्वतःचं वाचायचं नाही. पूर्वी एका कवितेवरून दोन सभासदांची गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली होती, त्यानंतर आलेला हा नियम. गोष्ट टाइप करून आणायची, वर नाव टाकायचं नाही, दाराशी ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यात टाकायची. दुसरा कुणीतरी ती काढून वाचणार. बाकीचे त्यावर बोलणार. आणि ज्याची गोष्ट आहे त्याने तोंडाला कुलूप लावून सगळं ऐकायचं. सगळ्यांचं बोलून झालं की मग हात वर करायचा, की बाबांनो, हे पाप माझं.

वाचायला सगळ्यांना घोषणाबाईच हव्या असायच्या. बाईंच्या आवाजात कुणाचीही गोष्ट चार आणे चढायची. मंडळातले एक डॉक्टर ऐतिहासिक कादंबरी लिहीत होते. तिच्यात पहिल्या प्रकरणापासून लढाई चालू होती आणि अजून कुणी मेलेलं नव्हतं. बाई वाचायच्या तेव्हा तीसुद्धा ऐकावीशी वाटायची. आता गंमत बघा, बाईंची स्वतःची गोष्ट मात्र नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या तोंडी जायची. बहुतेकदा डॉक्टरांच्या. आणि डॉक्टर सगळं औषध लिहून दिल्यासारखं वाचायचे. ऐकून लोक म्हणायचे, "बरी आहे." बाई हात वर करायच्या आणि घरी येऊन भांडी आपटायच्या.

नणंदेला मंडळात आणलं कुणी? बाईंनीच. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा! नणंद दातांच्या दवाखान्यात कामाला. नावं लिहून घ्यायची, फोन घ्यायचे, रडणाऱ्या पोरांना समजवायचं. ती एकदा म्हणाली, "वहिनी, तोंड उघडं ठेवून माणसं काय काय सांगायचा प्रयत्न करतात, लिहावंसं वाटतं गं." बाई म्हणाल्या, "मग लिही की. चल माझ्याबरोबर." आणि ही बया लिहायला लागली!

तिची पहिलीच गोष्ट डब्यातून निघाली ती बाईंच्याच हाती. नाव नव्हतं, पण दातांची खुर्ची दिसल्यावर सांगायला कशाला हवं? एक म्हातारा नवी कवळी बसवून घ्यायला येतो, आणि जुनी मला परत द्या म्हणून अडून बसतो. का, तर त्या जुन्या कवळीचं हसू त्याच्या गेलेल्या बायकोला आवडायचं. बाई वाचायला लागल्या आणि अर्ध्या पानात त्यांच्या लक्षात आलं की खोलीत कुणी हलत नाहीये. डॉक्टरांनी चहाचा कप तोंडाशी नेलेला, तो तसाच. पोस्टमास्तरांचा चष्मा हातात. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं घासतोय आपण, आणि ही काल आली!

शेवटचं अर्धं पान उरलं होतं. म्हातारा कवळी घेऊन घरी जातो, बायकोच्या फोटोपुढे ठेवतो, वगैरे. बाईंना वाटलं, हे वाचलं की आता टाळ्या पडणार. मग त्यांनी काय केलं? वाचलंच नाही. म्हातारा रुमालात कवळी गुंडाळून खिशात घालतो, तिथे थांबल्या, कागद मिटले, मांडीवर ठेवले. मनात म्हणाल्या, घ्या आता. म्हणू देत लोकांना, गोष्ट अधांतरी सोडली म्हणून.

कुणी काही म्हणेचना. मग पोस्टमास्तर हळू आवाजात म्हणाले, "वा." आणि टाळ्या पडल्या, त्या अशा पडल्या की खालच्या दुकानातला माणूस वर डोकावून गेला. नणंदेने हात वर केला तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. घरी जाताना ती वाटभर बोलली नाही, आणि बाईंनीही विषय काढला नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच!

त्यानंतर नणंदेच्या गोष्टी मासिकांत येऊ लागल्या, मग पुस्तक आलं. कवळीची गोष्ट पहिलीच, आणि ती संपत होती रुमालापाशी. बाईंनी ते पान उघडून पाहिलं आणि पुस्तक मिटलं. नवऱ्याने बहिणीचं पुस्तक फ्रिजवर उभं करून ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. मीटर बघायला येणाऱ्या माणसालासुद्धा दाखवलं. बाईंच्या गोष्टींची फाइल मात्र कपाटात, जुन्या चादरींखाली. नणंद पुस्तक द्यायला आली तेव्हा बाईंनी ते उलटसुलट केलं, कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छानच झालंय हं."

हा 'हं' नीट ऐकायला हवा. 'छानच झालंय' हे नणंदेसाठी होतं. 'हं' होता स्वतःसाठी, घशात अडकलेलं काहीतरी खाली ढकलायला.

आणि मग एका रविवारी पोस्टमास्तरांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यात मंडळात आपल्याच लेखिकेला पाहुणी म्हणून बोलवायचं. ती आपला अनुभव सांगेल, कसं लिहिते ते सांगेल. "आणि मंडळी, मुख्य गोष्ट," पोस्टमास्तर म्हणाले, "तिचे प्रकाशक नव्या लेखकांचा एक संग्रह काढतायत. आपल्या मंडळातली एक गोष्ट त्यांना हवीय. एकच. कुठली, ते पाहुणी ठरवेल, आपल्या नियमाने, नाव न बघता."

छापून यायचं तर आता, नाहीतर कधीच नाही. वय काही थांबत नव्हतं, आणि स्टँडवर आता घोषणा करणारं मशीन बसवणार अशी कुजबुज होती. आवाजही गेला तर मग उरलं काय? पण हे ठरवणार कोण, तर नणंद! घरचं झालं थोडं, नि व्याह्यानं धाडलं घोडं!

तरी त्यांनी चादरींखालून फाइल काढली. त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट कढईची. आई गेल्यावर दोघी बहिणी घर रिकामं करायला येतात आणि भांडी वाटून घेतात. प्रत्येक भांडं एकमेकीकडे सरकवतात, तू घे, तू घे. दोघींचा जीव फक्त एका लोखंडी कढईत, आणि दोघी तिच्याबद्दल अक्षर काढत नाहीत. गोष्टीत बस नव्हती, स्टँड नव्हता, माइक नव्हता. कुणाला ओळखू येईल असं बाईंनी काही ठेवलंच नव्हतं. आणि शेवटचा परिच्छेद तर त्यांना तोंडपाठ होता. भांडी वाटता येतात, आई वाटता येत नाही, असा काहीसा. आंघोळीला जाताना म्हणायच्या.

तो रविवार आला. खोली भरून गेली, टायरच्या दुकानातले स्टूल वर आणावे लागले. नवराही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, बहिणीसाठी. पाहुणीची ओळख करून द्यायचं काम पोस्टमास्तरांनी बाईंच्याच गळ्यात घातलं, "तुमच्याइतकं गोड कोण बोलणार?" बाई उभ्या राहिल्या. काय बोलावं सुचेना, तेव्हा जन्माची सवय कामाला आली. कुठून निघाल्या, कुठे पोचल्या, मध्ये कुठे कुठे थांबल्या, असं एका दमात सांगून त्या खाली बसल्या. "गाडी वेळेवर लागली," डॉक्टर म्हणाले, आणि सगळे हसले.

नणंद बोलायला लागली. साधंच बोलत होती, दवाखान्यात बोलते तसं. कान उघडे ठेवा म्हणाली. लिहिलेलं आठवडाभर उशीखाली ठेवा म्हणाली. बाईंना वाटलं, यात काय मोठंसं, हे तर मीही सांगितलं असतं. मग ती म्हणाली, "पण मला लिहायला शिकवलं ते एका माणसाने, आणि तेही एक शब्द न बोलता. ते माणूस इथेच बसलंय. माझी वहिनी."

बाईंच्या कानशिलांना धग लागली.

"माझी कवळीची गोष्ट वहिनीने वाचली होती, आठवतंय? तिला आणखी अर्धं पान होतं. वहिनीने ते वाचलंच नाही. मी घरी जाऊन रडले. दोन दिवस तिच्यावर धुमसत होते. मग गोष्ट पुन्हा वाचली आणि कळलं, ती तिथेच संपलेली होती, पुढे नुसती मीच बोलत होते. आजपर्यंत वहिनीने त्याचा चकार शब्द काढलेला नाही. 'मी सुधारली तुझी गोष्ट' असं म्हणायची संधी कोण सोडतं हो? एवढं मोठं मन कुणाचं असतं?"

टाळ्या पडल्या. पोस्टमास्तरांनी वळून बाईंना नमस्कार केला. नवऱ्याने असं पाहिलं की जणू इतकी वर्षं तो दुसऱ्याच कुणाबरोबर संसार करत होता. बाई मान खाली घालून बसल्या, आणि लोकांना वाटलं विनय. विनय कसला! आपलेच दात आणि आपलेच ओठ. द्वेषाने केलं तेसुद्धा हिच्याच झोळीत पडलं, आणि वर आपल्याला मोठेपणा देऊन ही आणखीनच मोठी झाली. बाईंना वाटलं, उठून सांगावं की अगं भवाने, तुझं वाटोळं करायला केलं होतं मी ते. पण उठवेना.

मग डबा आला. पाहुणीने एकेक गोष्ट काढून वाचायची असं ठरलं. डॉक्टरांची लढाई झाली. एक पावसाची कविता चुकून आत पडली होती, ती झाली. आणि तिसरी निघाली कढईची.

नणंद छान वाचत होती. अगदी मन लावून. बहिणी तू घे, तू घे करत होत्या आणि लोक हसत होते. मग गोष्ट शेवटाकडे गेली, आणि बाईंना स्वतःच्या कानांनी ऐकू आलं. धाकटी घरी जाते, पिशवी उघडते, कढई सापडते, रडते, फोन करते, थोरली रडते. कुणाच्या तरी कपात चमचा खुळखुळला. कुणी खुर्ची सरकवली. आई वाटता येत नाही हे आलं तेव्हा मागे कुणीतरी जांभई दिली. नणंदेने प्रामाणिकपणे शेवटच्या टिंबापर्यंत वाचलं. एक अक्षर गाळलं नाही.

"बरी आहे," डॉक्टर म्हणाले. "शेवटी जरा प्रवचन झालं."

बाईंनी नखं तळहातात रुतवली. नियम म्हणजे नियम, बोलायचं नाही.

नणंद मात्र कागदांकडे बघत बसली होती. "नाही," ती म्हणाली, "गोष्ट चांगली आहे. फार चांगली आहे. लिहिणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळलेलं नाही एवढंच." आणि एकदम उठून तिने ते कागद बाईंच्या मांडीवर आणून ठेवले. "वहिनी, तू वाच. माझ्या गोष्टीचं केलंस तसं कर. तुला वाटेल तिथे थांब."

आता काय करणार? स्वतःचं वाचायचं नाही हा नियम, आणि नाही म्हणावं तर गोष्ट कुणाची ते फुटणार. सगळे बघत होते. बाईंनी कागद उचलले. स्वतःच्याच गोष्टीचे. वाचायला सुरुवात केली आणि मनात म्हणाल्या, कापणार नाही. आईचं वाक्य माझं आहे, किती रात्री घासलंय मी ते. जीव गेला तरी गाळणार नाही.

पण थांबायचं कुठे, हे कळावं कसं? स्वतःच्या पोराचं नाक वाकडं कुणाला दिसलंय? अर्धी गोष्ट वाचून झाली. लोक पुन्हा गप्प व्हायला लागले होते. तेवढ्यात बाईंची नजर समोर गेली. नणंद हनुवटीवर हात टेकून ऐकत होती, आणि अगदी नकळत बाईंच्या मनात आलं, समजा, ही हिची गोष्ट असती तर?

झालं! पोटात ती ओळखीची आग पेटली. हिची गोष्ट. हिची कढई. हे लोक हिच्यासाठी गप्प बसलेत. आणि बाईंना ती गोष्ट लख्ख दिसायला लागली, भिंगाखाली धरल्यासारखी. हे वाक्य फाजील. गाळलं. हे रडणं उगाच. गाळलं. थोरली आपल्या पिशवीतून कढई गुपचूप काढून धाकटीच्या पिशवीत तळाशी ठेवते. वर जुने टॉवेल. थोरली म्हणते, "जड होतेय का बघ गं." धाकटी पिशवी उचलते. तिला कळलेलं असतं. ती म्हणते, "छे, हलकी आहे."

बाई थांबल्या. पुढे दीड पान होतं, आणि त्यात ते आईचं वाक्य होतं, आणि ते घशाशी आलं होतं. बाईंनी ते गिळलं. कागद मिटले आणि मांडीवर ठेवले.

खाली दुकानात पान्याचा आवाज झाला, तेवढाच. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि 'वा'सुद्धा म्हणाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "ही मघाचीच गोष्ट?" मग टाळ्या पडल्या, आणि थांबेचनात.

नणंद उभी राहिली. तिचा चेहरा फुलला होता. "हीच," ती म्हणाली, "मी हीच नेणार. मला आता दुसरी वाचायचीच नाही. कुणाची आहे? हात वर करा."

बाईंनी हात वर केला.

खोलीत एक क्षण कुणाच्या काही लक्षात आलं नाही. वाटलं, बाईंना काही विचारायचंय. मग नवराच ओरडला, "अगं, तुझी?" आणि हशा, टाळ्या, गोंगाट. पोस्टमास्तर म्हणायला लागले, अहो, इतकी वर्षं घरात खाण असून आपण दगड फोडत बसलो! डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते की हे दीड पान गाळायची हिंमत आपल्या पाहुणीलासुद्धा झाली नव्हती. पाहुणीचं पुस्तक टेबलावर उभं होतं, ते कुणाच्या तरी धक्क्याने आडवं पडलं. कुणी उचललं नाही.

बाई बघत होत्या ते नणंदेकडे. ती हसत होती, पण ओठ हसले आधी आणि डोळे मागून आले. गर्दीतून वाट काढत ती जवळ आली. तिने बाईंच्या हातातले कागद घेतले, उलटसुलट केले, पहिल्या पानावरून हात फिरवला.

"छानच झालीय हं, वहिनी."

बाईंनी तो 'हं' ऐकला. जन्म गेला आवाजाच्या धंद्यात. पंखा बंद न करता माइक चालू केला तर बाईंना लगेच कळायचं, आणि हे तर त्यांच्या स्वतःच्या घशातलं होतं. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, हिच्यात हे नाहीच. देवाने हिला नुसतं गोड केलंय. आणि आज बघा! बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांना ही पोर एकदम जवळची वाटली. लग्न होऊन घरात आल्यापासून कधी वाटली नव्हती एवढी.

जिना उतरताना नवरा पुढे पुढे चालला होता, भेटेल त्याला सांगत, की बहीण आणि बायको, दोघी! नणंद बाईंच्या शेजारून उतरत होती. खाली आल्यावर म्हणाली, "पुढची लिहिलीस की मला दाखव."

"नुसती दाखवायची कशाला," बाई म्हणाल्या, "यापुढे माझ्या गोष्टी तूच वाचत जा. आणि मनाला येईल तिथे थांब. लाजू नकोस."

नणंदेने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी तिची पिशवी आपल्या हातात घेतली. आपल्यावर एवढं जळणारं माणूस घरातच मिळायला नशीब लागतं.